पुरस्काराची इमारत मे महिन्यात पाहावी

विदर्भातल्या इमारतीचं परीक्षण करायचं तर ते मे महिन्यात, भर दुपारी करावं, असं मी वास्तुरचना पुरस्काराच्या समितीत पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं. अशा पाहण्या सहसा नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. हवा छान असते, तूर उभी असते, कापूस फुटलेला असतो, आणि तेव्हा कुठलीही इमारत बरी दिसते. समितीत आम्ही तिघं. पुण्याच्या महाविद्यालयात वास्तुरचना शिकवणाऱ्या मॅडम, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अकोल्याकडचे एक इंजिनिअर साहेब, आणि मी. साहेबांनी लगेच होकार दिला आणि माझ्यापेक्षा पक्कं कारण पुढे केलं. काळ्या मातीतला पाया खरा की खोटा, ते मेमध्येच कळतं.

आमची कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे संपता संपता शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत, म्हणजे खालच्या घट्ट थरापर्यंत गेलेला नसेल तर सगळं जोतं जमिनीबरोबर वरखाली होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. डिसेंबरात ती पुट्टी भरून, रंग देऊन झाकता येते. मेमध्ये ती पुन्हा उघडते.

दुसरं कारण सूर्याचं. वर्धा-यवतमाळच्या अक्षांशावर मे महिन्याच्या उत्तरार्धात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे ऐन कडाक्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन नसतं. भाजतं ते छप्पर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंती. हे ज्याला कळलं त्याचा नकाशा वेगळा दिसतो. प्रवेशिकांच्या ढिगात असे नकाशे थोडे होते.

बापूकुटीचा फोटो मात्र कितीतरी प्रवेशिकांच्या पहिल्याच पानावर होता. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे १९४० साली त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. माती, बांबू, कवेलू (म्हणजे कौलं), आसपासचं सामान आणि गावचेच कारागीर यांतून त्या कुट्या उभ्या राहिल्या. मीराबहेननी भिंतीवर मातीतून उठवलेला चरखा आणि ताडाची झाडं आजही पाहता येतात. त्या वास्तूपुढे मी मनापासून हात जोडतो. पण ती टिकली आहे ती भिंतींची निगा आणि कवेलूंची फेरणी न चुकता होते म्हणून. आजच्या खेड्यात ते कोण करणार, याचं उत्तर न देता तिचा आकार तेवढा उचलला, तर ती प्रेरणा कशी म्हणायची? कवेलू करणारे कुंभार कमी झाले. आणि वानरांचं काय? टोळी एकदा छपरावरून गेली की निम्मे कवेलू फुटतात. लोकांनी कवेलू काढून टिन टाकलं ते हौसेनं नव्हे.

पाहणी मेमध्येच ठरली. त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पाहिलं ते एका कृषी-पर्यटन केंद्राचं अतिथीगृह. उघड्या काँक्रीटचं काम इतकं नितळ, की साहेबांनी भिंतीवरून दोनदा हात फिरवला. आसपासच्याच मजुरांनी केलेलं. त्या कामाचं कौतुक आम्ही नोंदवहीत लिहिलंही. पण बसायची मोठी खोली पश्चिमेला, आणि ती भिंत सबंध काचेची. अकराच्या आधीच पडदे ओढलेले होते आणि एसी सुरू होता. वीज गेली तर जनरेटर लागतो, असं व्यवस्थापकानं सांगितलं. ज्या देखाव्यासाठी काच घातली, तो देखावा एप्रिल ते जून कुणी पाहतच नाही. तिथून निघालो. वाटेत एका देवळाचा सभामंडप पाहिला. बरा होता, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

एकच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोहोचलो. इमारत गावातल्या मुलांसाठी बांधलेली अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा यांची तयारी करणारी पोरं-पोरी आता खेडोपाडी आहेत आणि घरी बसायला जागा नसते. लोकवर्गणीतून काम झालेलं. आर्किटेक्ट यवतमाळचाच, वयानं लहान. प्रवेशिकेत त्यानं जेमतेम चार पानं पाठवली होती. फोटो मोबाइलवर काढलेले. मॅडमनी यादीतून ती जवळपास वगळली होती, आणि कागदावरून पाहता त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

बाहेर सावलीत पारा ४५ वर होता. आत शिरलो तेव्हा वीज नव्हती. पंखे बंद. बावीस-पंचवीस मुलं पुस्तकात डोकं घालून बसलेली, आणि एकही वही वाऱ्यासाठी हलत नव्हती. आतला पारा ३८ दाखवत होता. ३८ म्हणजे गारवा नव्हे, पण विदर्भातल्या माणसाला ४५ आणि ३८ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

वर पाहिलं तर टिन दिसेना. बांबूचे विणलेले तट्टे दिसत होते. साहेबांनी शिडी मागवली आणि त्या वयात स्वतः चढले. लोखंडी कैच्यांवर, म्हणजे छपराच्या तिकोनी सांगाड्यांवर साधं टिन, त्याखाली हातभर पोकळी, पोकळीखाली तट्टे, आणि तट्ट्यांच्या वरच्या अंगाला माती-भुशाचा दोन बोटं जाड थर. पोकळीच्या दोन्ही टोकांना आणि आढ्याला जाळी. टिन तापतं, पोकळीतली हवा गरम होऊन आढ्यातून निघून जाते, खालून दुसरी येते. टिनाची धग माती अडवते. साहेबांकडे दुरून तापमान मोजायचं यंत्र होतं. टिनाची खालची बाजू ६० च्या पुढे, तट्ट्यांची खालची बाजू ४० च्या आसपास. त्यांनी आकडे दोनदा घेतले आणि शिडीवरूनच मला सांगितले.

“उधईचं काय?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. उधई म्हणजे वाळवी. बांबू म्हटलं की इथं पहिला प्रश्न हाच. आर्किटेक्टनं बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचं टाकं कुठे केलं होतं ती जागा दाखवली. बांबू त्यात बुडवून मग चिरलेले. विणकाम शेजारच्या गावातल्या बुरडांचं. तो म्हणाला, की आधी त्याच्या मनात कुंभाराच्या चाकावरच्या शंकूंचं छत होतं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं ते तंत्र पुढे आणलं. ग्लासासारखे भाजलेले शंकू एकात एक बसवून कमानी उभ्या करायच्या, वरून गिलावा. वानरांना पुरून उरणारं छत. पण या पंचक्रोशीत चाक फिरवणारा कुंभार उरला नव्हता आणि बुरड होते. म्हणून तट्टे. हे ऐकून मॅडमनी पहिल्यांदा वही उघडली.

पश्चिमेला एकही खिडकी नाही. तिकडे संडास, सामानाची खोली आणि पुस्तकांची कपाटं, म्हणजे उतरतं ऊन आधी त्यांच्यावर. लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड केलेल्या. उत्तरेकडून उजेड. दक्षिणेला, रस्त्याकडे तोंड करून, खोल छपरी, म्हणजे ओसरी, आणि तिच्या कडेला बसायचा ओटा. पाया खाली फुगवटा असलेल्या पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांचा, मुरमात रोवलेला, आणि जोत्याच्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा ठेवलेली. साहेब गुडघे टेकून प्रत्येक खिडकीचा खालचा कोपरा पाहत गेले. चीर नव्हती. छपरीच्या पायऱ्या मुद्दाम भिंतीपासून सुट्या ठेवलेल्या. त्या जमिनीबरोबर बोटभर खाली गेल्या होत्या, आणि भिंतीला त्याचा पत्ताही नव्हता.

झाडलोट करणाऱ्या मावशींना मी विचारलं, इमारतीत काय चांगलं, काय वाईट. त्यांनी वाइटापासून सुरुवात केली. “वरच्या जाळीले जाळे धरते जी. माह्या हाताले पुरत नाई. तेवढं कराले सांगा त्याईले.” मग म्हणाल्या, “बाकी झाडाले सोपं हाय. पाणी टाकलं का आपोआप बाहीर जाते.” आर्किटेक्टनं जाळीचं तिथल्या तिथे लिहून घेतलं. फरशीच्या उताराबद्दल प्रवेशिकेत एक ओळही नव्हती.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते यापुढचं. ओट्याजवळ पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी बसली होती. मी विचारलं, इथंच का येतेस? मला वाटलं, उन्हाचं सांगेल. सांगितलंही. “घरी टिनाखाली दुपारी बसनं होत नाई सर.” आणि मग म्हणाली, “पन रात्री नवापर्यंत मले इथं येऊ देते, कारन छपरी रस्त्यावरून दिसते. आई म्हनते, दिसत असली तं बस.”

माजी सरपंच शेजारीच उभे होते. त्यांनी उरलेली हकिकत सांगितली. ग्रामपंचायतीनं आधी दिलेली जागा नाल्यापलीकडे, गावाबाहेर होती. मोठी, सपाट, फुकट. आर्किटेक्टनं ती नाकारली. “पोरगं लय हट्टी. तिथं बांधाचं असन तं मी नकाशाच देत नाई म्हने.” नाल्यापलीकडे पोरी येणार नाहीत, एवढाच त्याचा मुद्दा होता. जुन्या विहिरीजवळचा, चौकातला हा अरुंद तुकडा मिळवायला बैठकांवर बैठका झाल्या. एका घरची बैलबंडी उभी करायची जागा जात होती, तिला दुसरीकडे वाट काढून द्यावी लागली. दुपारी आम्ही होतो तेव्हा आत बसलेल्यांत निम्म्याच्या आसपास मुली होत्या.

मी त्याला विचारलं, हे प्रवेशिकेत का लिहिलं नाहीस? तो म्हणाला, “सर, हे डिझाइनमध्ये येते का?”

संध्याकाळी विश्रामगृहावर आमची बैठक झाली आणि वाद झाला. मॅडमचा आक्षेप सरळ होता. पुरस्कारानं शास्त्र पुढे नेणाऱ्या रचनेचा मान करावा. टिन, तट्टे, छपरी, यात नवं काय? मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण साधेपणाला नुसता साधेपणा म्हणून बक्षीस दिलं तर कुचकामी इमारतीही रांगेत उभ्या राहतात. मी चोपड्याचं उदाहरण दिलं. आगाखान वास्तुकला पुरस्कार १९७७ साली स्थापन झाला. तो तीन-तीन वर्षांच्या चक्रानं दिला जातो आणि निर्णयाआधी जाणकार माणसं जागेवर पाठवली जातात. १९९८ साली तो आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या, चोपडा तालुक्यातल्या कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयाला मिळाला. येन्सेन आणि ब्रुनिल्डसेन या दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांचं काम. ओसाड माळावर अंगण वेढून बसलेल्या दगडी खोल्या, एवढंच. तीन वर्षं आधी, १९९५ साली, बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला तो मिळाला. तिथं तर बरीचशी घरं राहणाऱ्यांनी आपापल्या ऐपतीनं पुढे वाढवायची होती. दोन्हीकडे नवेपण सामानात नव्हतं. कुणासाठी, कुठे आणि कशाच्या भोवती बांधायचं, या निर्णयात होतं.

“मग इथं तो निर्णय कोणता?” मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, जागा. साहेब म्हणाले, जागा आणि छत, दोन्ही. खर्च तालुक्यातल्या साध्या स्लॅबच्या खोलीएवढाच आलाय, हेही त्यांनी हिशेबाचे कागद पाहून सांगितलं. मॅडम बराच वेळ नकाशा पाहत राहिल्या. मग त्यांनी मुलांची बैठक, छपरी आणि रस्ता यांमधून एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, हा छेद, म्हणजे इमारतीचा उभा काप, त्यानं काढायला हवा होता, सगळी इमारत या रेघेवर आहे. त्यांचं मत त्या रेघेवर बदललं, माझ्या उदाहरणांवर नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

पुरस्कार अभ्यासिकेला द्यायचं ठरलं. मानपत्राचा मसुदा मॅडमनीच लिहिला. त्यात पहिलं वाक्य जागेच्या निवडीचं आहे, दुसरं छताचं. आर्किटेक्टच्या नावाखाली गवंडी आणि बुरड यांची नावं यावीत, असा साहेबांचा आग्रह होता, तो आम्ही मान्य केला. पुढच्या वर्षीच्या नियमांत इमारत किमान तीन पावसाळे वापरलेली असावी, ही अट घालावी आणि पाहणी मेमध्येच व्हावी, अशी शिफारस जोडली. प्रवेशिकेत जागा कशी ठरली यासाठी वेगळं पान मागवायचं, हेही त्यात आहे.

एक शंका आम्ही लेखी ठेवली आहे. छपरी इतकी खोल आहे, की श्रावणातल्या झाकोळात दक्षिणेकडच्या टेबलांना उजेड कमी पडत असावा. मुलांना विचारलं तर कुणी हो म्हणालं, कुणी नाही. झडीच्या दिवसांत वीज जाते तेव्हा तिथं वाचता येतं का, ते पाहायला साहेब आणि मी ऑगस्टमध्ये पुन्हा जाणार आहोत.