त्सुचिनशान-अ‍ॅटलास: धूमकेतू सापडला, पट्टीनं दगा दिला

तीन पहाटा ढगांत गेल्या, आज दिसला! १ ऑक्टोबर २०२४, पहाटे पाच सत्तावीस, बेळगावजवळच्या येळ्ळूर गडाच्या चढावरून. मघेच्या बरंच खाली, पूर्वेच्या जरा उजवीकडे, क्षितिजापासून जेमतेम चार बोटं वर. जुलैत 'हा फुटणार' म्हणून ओरड झाली होती. गडी २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून शाबूत बाहेर आलाय. नुसत्या डोळ्यांना जागा कळल्यावरच, तीही तिरकं बघून. १०×५० दुर्बिणीतून मात्र उभी शेपूट. "दाजी, एवढ्यासाठी साडेतीनला उठवलात?" म्हणणारा मेव्हणा नंतर दुर्बीण परत देईना.

आता रडगाणं. धड फोटो एकच: ८५ मिमी, २ सेकंद, तोही काच रुमालानं पुसून घाईनं घेतलेला. खाली सगळी भातशेती, दव म्हणजे नुसतं पाणी. मागच्या वेळी सांगितलेली दव-पट्टी (काच जरा ऊबदार ठेवून दव रोखणारी; ३३० ओहमचे दहा रेझिस्टर समांतर) पॉवर बँकेला जोडून लेन्सला गुंडाळली होती, पण हाताला गारच. वाटलं, सोल्डर सुटलं. अंधारात दातांनी टेप सोलून मल्टिमीटर लावला, तर ३३ ओहम, अगदी बरोबर. मग पॉवर बँकेकडे लक्ष गेलं. दिवा बंद! बटण दाबलं की लागतो, अर्ध्या मिनिटात परत झोपतो. असं सात-आठ वेळा. तेवढ्यात उजाडलं.

घरी चहा पिताना ट्यूब पेटली. मूळ कृती १२ व्होल्टची! पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर ही पट्टी ओढते ०.१५ अँपिअर, म्हणजे पाऊण वॉट. त्यात काच कसली तापते? आणि पॉवर बँकेला वाटतं, फोन भरून झाला. १२ वर हीच पट्टी चार वॉटच्या वर जाते.

म्हणून ६८ ओहमचे दहा आणायचे ठरवलं: ५ व्होल्टवर पावणेचार वॉट, पाऊण अँपिअर, पॉवर बँक जागी राहील. ४७ चे घेतले तर एकेकावर अर्ध्या वॉटपेक्षा जास्त येतं, अर्ध्या वॉटचे करपतील. खडेबाजारात सुटे मिळतात. ऑनलाइन मागवलेल्या तयार पट्टीचं नाव काढू नका, पहिल्याच रात्री तुटली.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं. सोल्डर करायचंच कशाला? मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टचीच की! जुनी पट्टी, दोन क्रोकोडाइल क्लिपा, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज. ट्रायपॉड गाडीला चिकटून लावायचा, बस्स. उद्या अमावास्या, चंद्राची कटकट नाही. फक्त सर्वपित्रीची पानं आहेत, आठच्या आत घरी पोचायला हवं.

पुढच्या आठवड्यात तो सूर्याच्या उजेडात बुडेल. दसऱ्याला, १२ तारखेला, आपल्याला सर्वांत जवळ, साधारण ७ कोटी किमी. तोवर संध्याकाळच्या पश्चिमेला निघालेला असेल. शुक्राच्या उजवीकडे शोधायचा. त्यासाठी येळ्ळूर नको, महिपाळगड बघूया, यंदाचं सीमोल्लंघन चंदगड तालुक्यात. कुणाकडे जादा फ्यूजहोल्डर असेल तर घेऊन या.