सी ड्राइव्ह एसएसडीवर, बूट मात्र हार्ड डिस्कवर

कॅबिनेटबरोबर टेबलावर एक पेन ड्राइव्हही आला. कॉलेजातला मुलगा, सोबत वडील. "दादा, यातून फक्त विंडोज अकरा टाकून द्या. टीपीएम वगैरे काही विचारत नाही हा." पेन ड्राइव्ह त्याला दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने करून दिला होता आणि वर सांगितलं होतं, मशिन जुनं झालंय, आज ना उद्या नवीनच घ्यावं लागेल. वडिलांचा प्रश्न सरळ होता, "अकरा टाकायचं की नाही, तेवढं सांगा." त्या उत्तराला दीड दिवस लागला, आणि त्यातला एक भाग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मशिन असं: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६०, २४० जीबीची साटा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. अकरा चालेल का ते सांगणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी ॲपने दोन लाल फुल्या दाखवल्या, टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूट (सही असलेल्या फाइलींनीच मशिन उठू देणारी सोय). प्रोसेसरपुढे मात्र हिरवी खूण होती. रायझन २६०० मान्य यादीत आहे, १६०० नाही. इंटेलमध्येही ही रेघ, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपाशी आहे. म्हणजे नियमाने हे मशिन जुनं नव्हतंच. टीपीएम प्रोसेसरच्या आतच होतं, फक्त बंद होतं. हे ॲप 'नाही' आणि 'बंद आहे' यांत फरक करून सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. त्या दोन फुल्या बघून किती धडधाकट मशिन्स भंगारात गेली असतील!

मग मुलाला विचारलं, खेळतोस काय? रोज व्हॅलोरंट. नवीन घेतलेला बॅटलफील्ड ६ मात्र सुरूच होत नव्हता, सिक्युअर बूट मागत होता. अकरा टाकलं की तो चालेल, असं त्याला सांगितलेलं. इथेच सगळी गफलत होती. बॅटलफील्ड ६ विंडोज १० वरही चालतो. त्याला हवं असतं सिक्युअर बूट, अकरा नव्हे. व्हॅलोरंटचं याच्या उलट. दहावर त्याने या मुलाकडे कधी टीपीएम मागितलं नव्हतं, पण अकरावर त्याचं व्हॅनगार्ड (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं आणि नसेल तर ९००१ किंवा ९००३ क्रमांकाची चूक दाखवून बाहेर काढतं. म्हणजे तो पेन ड्राइव्ह लावला असता तर बॅटलफील्ड बंदच राहिला असता आणि चालू असलेला व्हॅलोरंटही गेला असता. शिवाय अटी वगळून बसवलेल्या अकराला वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हाताने बसवावी लागते. गेम खेळणाऱ्याच्या मशिनवर असा पेन ड्राइव्ह लावणाऱ्याने तो काय खेळतो एवढं तरी विचारायला हवं.

तेव्हा प्रश्न दोन होते. खालचा पाया, म्हणजे यूईएफआय (मशिन उठवायची नवी पद्धत), जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत), सिक्युअर बूट, टीपीएम. आणि त्यावर दहा की अकरा. पाया करावाच लागणार होता, मग वर काहीही असो.

एमएसइन्फो३२ ही विंडोजची माहितीची खिडकी उघडली, बायोस मोड 'लेगसी'. बायोस म्हणजे मशिन उठवणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, आणि ते जुन्या पद्धतीवर होतं. म्हणजे डिस्कची विभागणीही जुनी, एमबीआर. इथवर नेहमीचंच. पण डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर हात थांबला. एसएसडीवरच्या सी ड्राइव्हपुढे 'बूट, पेज फाइल' लिहिलेलं, आणि 'सिस्टम, अ‍ॅक्टिव्ह' हे शब्द दुसऱ्याच डिस्कवर, १ टीबीच्या हार्ड डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या अर्धा जीबीच्या छोट्या पार्टिशनवर. इथे 'बूट' म्हणजे विंडोज असलेली जागा आणि 'सिस्टम' म्हणजे ते उठवणाऱ्या फाइलींची. म्हणजे विंडोज एसएसडीवर, पण ते उठवणाऱ्या फाइली हार्ड डिस्कवर. एसएसडी घातली त्या दिवशी कुणीतरी हार्ड डिस्कची केबल न काढता विंडोज बसवलं की हे होतं. बायोसच्या यादीत जी डिस्क पहिली आणि जिच्यावर आधीच अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन आहे, तिथे इन्स्टॉलर बूट फाइली ठेवून मोकळा होतो. केबल काढायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट वाचवल्याचं फळ दुसऱ्याच कुणाला तरी वर्षांनी मिळतं.

हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिच्या तब्येतीचा हिशोब, काढला. 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्य नव्हता. मुलगा म्हणाला, "हो, सुरू व्हायला कधीकधी खूप वेळ लागतो. एसएसडी जुनी झाली असेल ना?" एसएसडी ठणठणीत होती. मरायला टेकलेली हार्ड डिस्क गेली असती तर त्या दिवशी मशिन उठलंच नसतं, आणि सगळ्यांनी एसएसडीला दोष दिला असता. अकराचा विषय निघाला नसता तर हे दिसलंही नसतं.

आधी दोन्ही डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) घेतली. खराब होऊ घातलेल्या डिस्कला पहिलं काम हेच द्यायचं, कारण पुढचं प्रत्येक रीस्टार्ट तिच्या जिवावर असतं. मग बायोस. रायझनच्या फर्मवेअर टीपीएममुळे मधूनच क्षणभर अडखळणं व्हायचं, टीपीएम बोर्डावरच्या फ्लॅश चिपशी लांबलेला व्यवहार करायचं तेव्हा. एएमडीने ते २०२२ मध्ये मान्य केलं आणि एजीईएसए १.२.०.७ (बायोसमधला एएमडीचा भाग) वर आधारलेल्या बायोसमध्ये सुधारलं. या बोर्डावरचा बायोस त्याआधीचा. टीपीएम चालू करून तसाच सोडला असता, तर महिन्याने 'अकरा टाकल्यापासून गेम अडकतो' ही तक्रार घेऊन तेच मशिन परत आलं असतं. बायोस बदलण्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढतो. रॅमचं प्रोफाइल, पंख्यांचे वेग, साटा मोड, सगळं मूळपदावर जातं. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'रेड'वर होता आणि नव्या बायोसने 'एएचसीआय' केला, तर विंडोज निळ्या पडद्यावर आपटतं आणि लोक समजतात बायोसने बोर्ड मारला. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोस बदलण्याआधी ते स्थगित करायचं आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची. इथे कुलूप नव्हतं, तरी तपासलं.

आता मुख्य काम. हार्ड डिस्कची केबल काढली. विंडोज १० चा पेन ड्राइव्ह लावला. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' उपसर्गासह आणि एकदा नुसता. या पायरीला नुसता निवडायचा. भाषेच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून डिस्कपार्टमध्ये (डिस्कची विभागणी बघायची कमांड) व्हॉल्यूमची यादी काढून खरा सी कोणता ते आधी बघायचं. एसएसडीवरचं विंडोजचं पार्टिशन निवडून 'अ‍ॅक्टिव्ह' केलं. बीसीडीबूटने त्याच पार्टिशनवर बायोस पद्धतीच्या बूट फाइली लिहिल्या, आणि पेन ड्राइव्हच्या बूट फोल्डरातल्या बूटसेक्टने 'एनटी६०' आणि 'एमबीआर' हे दोन पर्याय देऊन बूट कोड बसवला. रीस्टार्ट केलं. हार्ड डिस्क नसताना विंडोज पहिल्यांदाच आपल्या पायावर उठलं, आणि सुरुवातीचं ते रेंगाळणंही गेलं.

हे न करता थेट एमबीआर-टू-जीपीटी (जुनी विभागणी डेटा न पुसता नवी करणारं साधन) चालवलं असतं तर पडताळणीतच नापास झालं असतं. त्या साधनाला बूट आणि विंडोज एकाच डिस्कवर लागतं, प्राथमिक पार्टिशन तीनपेक्षा जास्त चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात चालत नाही. 'ओएस पार्टिशन सापडत नाही' असं ते म्हणालं, तर बहुतेक वेळा बीसीडीत (उठताना कोणतं विंडोज सुरू करायचं त्या यादीत) एखाद्या मेलेल्या जुन्या विंडोजची नोंद पडून असते. ती काढली की काम होतं. इथे बीसीडी नुकताच ताजा लिहिलेला, त्यामुळे 'व्हॅलिडेट' पहिल्या फटक्यात पास. मग 'कन्व्हर्ट'. सी थोडा आखडून त्याने बूट फाइलींसाठी स्वतःचं ईएफआय पार्टिशन तयार केलं. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने उठवणारी सोय) बंद, यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आला, विंडोज उठलं. आत गेल्यावर रीएजंटसी (रिकव्हरी सांभाळणारी कमांड) एकदा बंद करून चालू केलं, नाहीतर रिकव्हरीचा पत्ता जुनाच राहतो. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो. २०६० ला ती भीती नव्हती.

सिक्युअर बूट चालू केलं. बायोसमध्ये 'एनेबल्ड', आणि शेजारीच बारीक अक्षरात 'नॉट अ‍ॅक्टिव्ह'. निम्मे लोक इथे फसतात. चाव्याच भरलेल्या नसतात, बोर्ड 'सेटअप मोड'मध्ये असतो. 'फॅक्टरी की' भरून सेव्ह केलं, तेव्हा एमएसइन्फोत 'सिक्युअर बूट स्टेट: ऑन' आलं. टीपीएमच्या खिडकीत आवृत्ती २.०.

अजून विंडोज १० च होतं, आणि बॅटलफील्ड ६ सुरू झाला. मुलगा खूष. वडिलांनी नेमका प्रश्न विचारला, "मग अकरा कशाला?"

त्यांना जे सांगितलं ते असं. गेम जोरात पळेल म्हणून अकरा टाकू नका. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या मिश्र (लहान-मोठ्या) कोअरना अकराचा शेड्यूलर, म्हणजे कामं वाटणारा भाग, उपयोगी पडतो, इथे सहाही कोअर सारखेच आहेत. ऑटो एचडीआर अकरातच आहे, पण तुमचा मॉनिटर एचडीआर नाही. कारण वेगळं आहे. दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अद्यतनांना नाव नोंदवलं तर घरगुती मशिनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ मिळतो. एनव्हिडियाने दहासाठी गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सांगितलेत. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रंही जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात, आणि नवी प्रमाणपत्रं आधार चालू असलेल्या विंडोजलाच मिळतात. थांबलात तरी चालेल, पण थोडेच महिने. वडील म्हणाले, मशिन उघडलंच आहे तर करून टाका.

अपग्रेड म्हणजे खरं तर वाट बघणं. २४० जीबीवर आधी ३० जीबी मोकळे केले, रॅमचं प्रोफाइल तात्पुरतं बंद ठेवलं (काठावर चालणारी रॅम गेममध्ये निभावते आणि इन्स्टॉलरच्या फाइली बिघडवते), आरजीबी दिवे आणि पंख्यांची जुनी सॉफ्टवेअर काढली. त्यांचे जुने ड्रायव्हर अकराच्या असुरक्षित ड्रायव्हरांच्या काळ्या यादीत अडकू शकतात. आयएसओतला सेटअप चालवला, फाइली आणि ॲप ठेवून. परत जाण्याची मुदत दहाच दिवसांची असते. ती अपग्रेड झाल्याबरोबर डिझमच्या कमांडने ६० दिवस केली आणि मुलाला बजावलं, "डिस्क साफ करताना 'आधीचं विंडोज' यावर टिक करू नकोस. केलीस तर परतीची वाट बंद."

राहिला तो मेमरी इंटेग्रिटीचा मुद्दा, म्हणजे कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) शिरणारे ड्रायव्हर तपासणाऱ्या सुरक्षेचा. दहात ते बंद होतं, त्यामुळे अपग्रेडनंतरही बंदच आलं. चालू करून मोजलं. सरासरी फ्रेम फारशा हलल्या नाहीत, पण तळाचा एक टक्का, म्हणजे सर्वात मंद क्षणांचा वेग, स्पष्ट उतरला. गर्दीच्या जागी जे अडखळणं हाताला जाणवतं, तेच हे. कारण माहीत आहे. या तपासणीला मदत करणारी सोय एएमडीच्या झेन २ पिढीपासून प्रोसेसरमध्येच आहे. २६०० त्याआधीच्या झेन प्लसचा, त्याला ती नक्कल करून भागवावी लागते. अकराच्या मान्य यादीत असूनही हा फरक त्या हिरव्या खुणेत कुठे दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये स्वतःच सांगितलंय की खेळताना ते बंद करा आणि खेळून झाल्यावर परत चालू करा. त्यासाठी दर वेळी रीस्टार्ट करावं लागतं, आणि कुठलाही मुलगा रात्री खेळ संपल्यावर ते करणार नाही.

मी ते बंद ठेवून मशिन दिलं. मग केबल गुंडाळता गुंडाळता वडील सहज म्हणाले, "बँकेचं सगळं मी यावरच करतो." त्यांना मर्यादित अधिकाराचं वेगळं खातं काढून दिलं, फायदा-तोटा दोन्ही समजावून सांगितले. मुलाने मान हलवली, वडिलांनीही. पण मेमरी इंटेग्रिटी राखतं ते खातं नाही, कर्नल. वाईट ड्रायव्हर शिरला तर वेगळ्या खात्याने तो अडत नाही, हे त्यांना मान हलवताना कळलं होतं असं मला वाटत नाही. खराब हार्ड डिस्क अजून माझ्या कपाटात आहे, तिच्यातला डेटा नव्या डिस्कवर घालून न्यायला ते पुढच्या आठवड्यात येतील. तेव्हा मेमरी इंटेग्रिटी परत चालू करून, त्या गर्दीच्या जागी मुलाला माझ्यासमोर खेळायला बसवणार आहे. किती अडखळतं ते वडिलांनी शेजारी बसून बघावं आणि मग दोघांनी ठरवावं.