माझा अनुभव : बीएस्सीचा सेमिनार आणि औंढ्याचा लायगो

आमच्याकडे तिसऱ्या वर्षाचा सेमिनार म्हणजे नेटवरून स्लाइड उतरवायच्या आणि पडद्याकडे बघून वाचायच्या. यंदा सरांनी अटच घातली : चालू संशोधनातला एक मूळ शोधनिबंध घ्या आणि त्यातली आकृती फळ्यावर काढून समजावून सांगा. स्लाइड बंद.

मी गुरुत्वीय लहरी घेतल्या, म्हणजे जागाच ताणत-आखडत जाणाऱ्या लहरी. औंढा नागनाथ आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं. तिथल्या लायगो-इंडियाला, म्हणजे या लहरी टिपणाऱ्या यंत्राला, 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, 2600 कोटींचा प्रकल्प. तरी वर्गात बहुतेकांना ‘औंढ्याला काहीतरी मोठं व्हायलंय’ एवढंच ठाऊक.

निबंध 14 जानेवारी 2025 ला टिपलेल्या लहरीवरचा निवडला. फुकट मिळतो, पण वाचताना दम निघतो. एकेका वाक्यात बरंच काही गृहीत धरलेलं. म्हणून सरांनी आधी 2016 चा पहिला निबंध वाचायला लावला. त्यातली पहिली आकृती मात्र कुणालाही पटावी अशी. अमेरिकेतली हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब असलेली दोन यंत्रं, आणि दोघांनी टिपलेल्या एकाच लहरीच्या दोन रेघा. एक रेघ सुमारे 7 मिलिसेकंद सरकवून उलटी केली की दुसरीवर जवळपास चपखल बसते.

तालमीत मॅडमनी पकडलं. “लहरीनं जागा ताणली तर प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाणार. मग मोजता कशानं?” पुस्तकं चाळली, सरांना छळलं, तेव्हा उलगडलं. यंत्राच्या भुजेत, म्हणजे 4 किलोमीटर लांब नळीत, आधीपासून असलेला प्रकाश ताणला जातो, खरं आहे. पण लेझर सतत नवा प्रकाश सोडत असतो. तेवढं अंतर जायला त्याला जेमतेम 13 मायक्रोसेकंद लागतात, लहर त्यामानाने फारच संथ. लांबलेल्या भुजेतून हा ताजा प्रकाश किंचित उशिरा परततो, आणि पकडायचा असतो तो उशीर.

सेमिनारच्या दिवशी हॉकिंगचं 1971 चं प्रमेय सांगितलं : कृष्णविवरं एकत्र आली तर पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटत नाही. 2025 ची लहर अशीच दोन कृष्णविवरं एकत्र येऊन निघालेली. त्यांचं क्षेत्रफळ आधी सुमारे 2 लाख 40 हजार चौरस किलोमीटर होतं, नंतर सुमारे 4 लाख. फळ्यावर मधोमध महाराष्ट्राचं लिहिलं, 3 लाख 7 हजार. तेव्हा कुठे मागच्या बाकांवरचे मोबाइल खाली गेले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, अमेरिकेत दोन असताना औंढ्याला कशाला? दोन यंत्रांच्या वेळेतल्या फरकावरून आकाशात फक्त एक लांबट पट्टा मिळतो, मी म्हणाले. दूरवर आणखी यंत्र असलं की पट्टा आखडतो आणि दुर्बीण कुठे रोखायची ते कळतं. त्यांनी मान डोलावली. “औंढ्याला भरती कधी?” हे विचारणारा आमच्याच वर्गातला होता.