टेबल आधी, हत्यारं नंतर

आजचा दिवस मॉडेल विमानांसाठी खोलीचा कोपरा लावण्यात गेला. सगळ्यात जास्त वेळ टेबलाने खाल्ला, आणि तो खायलाच हवा. पाया वाकडा असेल तर पंखाला पीळ बसतो आणि विमान एका अंगाला कलत राहतं. मग ट्रिम (विमान सरळ उडावं म्हणून करायची बारीक जुळवणी) कितीही फिरवा. फ्लश डोअरची (सपाट, गुळगुळीत दाराची) फळी यासाठी झकास. तिच्यावर मीटरभर लांब स्टीलची पट्टी उभ्या कडेवर धरायची, कर्णातही, आणि मागून टॉर्च मारायचा. उजेडाची फट दिसली की टेबलाच्या पायाखाली पाचर. वर १२ मिमी सॉफ्टबोर्ड, म्हणजे टाचण्या सहज रुततात. विमानाच्या आराखड्याच्या कागदावर पारदर्शक प्लास्टिक हवंच, नाहीतर रिब्ज (पंखाच्या सांगाड्यातल्या फासळ्या) कागदालाच चिकटून बसतात.

बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) पट्ट्या भिंतीला टेकवल्या की वाकतात, आडव्याच ठेवा. बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चुरडतं, तेव्हा ११ नंबरच्या (टोकदार) ब्लेडात कंजुषी नको. सायनो ग्लूची (झटपट चिकटणाऱ्या गोंदाची) वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून टेबल खिडकीपाशी. पॉलिशपेपर मारताना मास्क. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या मात्र या टेबलावर अजिबात नकोत: ठेवणीत दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, आणि चार्जिंग नजरेसमोर, बाल्सा-कागदापासून लांब.