ई४६ एम३ : चोवीस व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग घरच्या गॅरेजमध्ये

जुनी जर्मन परफॉर्मन्स गाडी बाळगणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "एवढी देखभाल कशाला ओढवून घेतोस?" माझ्याकडे बीएमडब्ल्यूची २००३ सालची एम३ आहे, मॅन्युअल गिअरबॉक्सची; ई४६ हा त्या पिढीचा कंपनीचा कोड. या प्रश्नाचं माझं उत्तर तिच्या टॅपेट सेटिंगमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हवरचा बारीक गॅप मोजून नेमका ठेवण्यात आहे. म्हणून तो अनुभव सविस्तर लिहितो.

या गाडीचं एस५४ इंजिन ३२४६ सीसीचं, सहाही सिलिंडर एका रांगेत. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, टर्बो नाही. ताकद ३४३ पीएस, तीही ७९०० आरपीएमला. स्ट्रोक ९१ मिमी असल्यामुळे ८००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या पुढे जातो आणि एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला साठाहून जास्त वेळा उघडून मिटतो. २००१ साली याच इंजिनाला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. आणि यात हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑइलच्या दाबावर हा गॅप आपोआप सांभाळणारे, नाहीत. कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा, उंचवट्यांचा फिरता दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हलका रॉकर, म्हणजे तरफ, आणि त्याखाली नेमक्या जाडीची छोटी चकती, म्हणजे शिम. गॅप बदलला की शिम बदलायची, हाताने. ठरावीक इन्स्पेक्शनला हे काम यायचंच.

हा वारसा जुना आहे. १९७८ च्या एम१ मधलं एम८८ इंजिनही असंच, सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह, सहा थ्रॉटल. तिथून ते पहिल्या एम५ मध्ये आलं, आणि १९८६ च्या पहिल्या एम३ चं चार सिलिंडरचं इंजिनही त्याच विचारातून निघालं. पॉल रोशे या इंजिनिअरच्या हाताखाली घडलेली ही परंपरा. मी लहानपणी गाड्यांच्या मासिकांत एम१ चे फोटो तासन् तास बघत बसायचो. एम३ घेताना मनात तेच फोटो होते, हे कबूल करायला मला आनंदच वाटतो.

काम सुरू करण्याआधीची पहिली अट म्हणजे इंजिन पूर्ण थंड हवं. कोमट असून चालत नाही, कारण धातू प्रसरण पावलेला असतो आणि मोजमाप खोटं येतं. मी गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी बोनेट उघडलं. केबिन फिल्टरचा डबा, वरची झाकणं, सहा इग्निशन कॉइल हे सगळं भराभर निघतं. कॉइल ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने फडक्यावर मांडल्या. स्पार्क प्लगही काढले, कारण मग कॉम्प्रेशन राहत नाही आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने अलगद फिरतो. शेवटी ‘एम पॉवर’ अक्षरांचं काळं टॅपेट कव्हर निघालं आणि दोन्ही कॅमशाफ्ट समोर आले. ऑइलने ओले, सोनेरी झाक आलेले. मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. आतापर्यंत ज्याचा फक्त आवाज ऐकला होता, ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं.

मोजणीला माझा एक मित्र मदतीला होता. मी आकडा सांगायचा, त्याने तो मोठ्याने परत म्हणून वहीत लिहायचा. कंपनीने दिलेली मर्यादा अशी: इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.१८ ते ०.२३ मिमी, एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.२८ ते ०.३३ मिमी. क्रँक फक्त इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवायचा, उलटा नाही. ज्या सिलिंडरचे कॅमचे उंचवटे रॉकरपासून दूर वळलेले असतील, त्याचेच व्हॉल्व्ह मोजायचे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेट घेण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ आहे. त्याच क्रमाने गेलं की क्रँक उगाच फार फिरवावा लागत नाही.

फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची नेमक्या जाडीची पाती, वाचणं हे खरं कौशल्याचं काम. पात्याला किंचित ओढ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तेवढीच. पातं अडकलं तर गॅप कमी, सुळकन गेलं तर जास्त. सुरुवातीच्या सिलिंडरला मी प्रत्येक व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा मोजला. एकदा बोटांना ती ओढ कळली की मग हात आपोआप सांगू लागतो.

"पाच नंबर, एक्झॉस्ट, पुढचा," मी म्हणालो, "०.२६."

"कमी आहे ना?"

"कमी आहे."

गॅप कमी होणं हे वाढण्यापेक्षा वाईट. वाढला तर टकटक आवाज येतो, इंजिन स्वतःच सांगतं. कमी झाला तर इंजिन उलट शांत होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळं छान आहे. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू वर बसत जातो, म्हणून गॅप मिटत जातो. तो पूर्ण मिटला तर व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. टेकायला मिळालं नाही तर त्याची कड जळते. म्हणून "आवाज नाही, मग कशाला उघडायचं?" असं कुणी म्हटलं की मला थांबवून सांगावंसं वाटतं, की बाबा रे, या इंजिनात शांतता हा पुरावा नाही.

इनटेकचे जवळपास सगळे मर्यादेत होते. एक्झॉस्टचे काही घट्ट निघाले. शिम काढताना रॉकर त्याच्या दांड्यावर थोडा बाजूला सरकवायचा आणि चुंबकाच्या काडीने चकती उचलायची. त्याआधी आजूबाजूच्या सगळ्या पोकळ्यांत स्वच्छ फडकी कोंबायची. चकती चेनच्या बाजूने खाली गेली तर पुढचं काम फार मोठं होतं. जुनी शिम मायक्रोमीटरने मोजायची, गॅप कमी असेल तर पातळ आणि जास्त असेल तर जाड बसवायची. मागवलेल्या शिमांची पाकिटावरची जाडीही मी मायक्रोमीटरने तपासूनच घेतली. बसवल्यावर क्रँक काही वेळा पूर्ण फिरवून पुन्हा मोजायचं, म्हणजे शिम नीट बसली की नाही ते कळतं.

कव्हर उघडंच होतं म्हणून व्हॅनोसही, म्हणजे कॅमची वेळ ऑइलच्या दाबाने पुढेमागे करणारी यंत्रणा, बघून घेतलं. एक्झॉस्ट कॅमच्या हबला दोन लहान कान असतात, त्यांच्या जोरावर व्हॅनोसचा ऑइल पंप फिरतो. या इंजिनाचे जाणकार ते कान बघितल्याशिवाय कव्हर लावत नाहीत. माझे दोन्ही शाबूत होते. टॉर्चने सगळ्या बाजूंनी पाहिले तेव्हा कुठे हायसं वाटलं.

पुढचं लवकर आटोपलं. नवीन गॅस्केट, कोपऱ्यांना सीलंटचे बारीक ठिपके, कव्हरचे बोल्ट टॉर्क रेंचने १० न्यूटन-मीटरला. बरोबरच ऑइलही बदललं, १०डब्ल्यू-६०, साडेपाच लिटर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. पुढच्या एम३ चं व्ही८ इंजिन ८४०० पर्यंत फिरतं आणि त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. म्हणजे वर फिरण्यासाठी हाताने सेटिंग लागतंच असं नाही. ते इंजिनही मला मनापासून आवडतं. तरीही निवड करायची झाली तर मी एस५४ च घेईन. त्याची प्रकृती मला आकड्यांत ठाऊक आहे, एकेका व्हॉल्व्हची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. मालकाला इतकं जवळ येऊ देणाऱ्या गाड्या आता फारशा होत नाहीत.

इंजिन सुरू केलं. पहिले काही क्षण खडखड झाली, ऑइल वर पोचलं आणि ती थांबली. राहिला तो या इंजिनाचा नेहमीचा, शिलाई मशीनसारखा बारीक ठेका. टॅकोमीटरवरचे पिवळे दिवे ऑइल गरम होईल तसे एकेक करून विझतात आणि वरचे आरपीएम मोकळे होतात. शेवटचा दिवा विझेपर्यंत मी संयम ठेवला आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये काटा ८००० च्या जवळ जाऊ दिला. साडेचार हजारांच्या पुढे सहा थ्रॉटलचा तो कर्कश, धातूचा सूर पूर्वीसारखाच होता. फरक जाणवला तो खाली, आयडलला. आता ते जास्त एकसारखं आहे.

वहीतले आकडे मी तारीख आणि किलोमीटर घालून जपून ठेवले आहेत. पाच नंबरचा तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आता ०.३० ला आहे. पुढच्या खेपेला मोजणी त्याच्यापासूनच सुरू करणार.