होम स्टुडिओ लॉग, श्रावण: वाक्याच्या शेवटचं ‘नाही’ कुठे जातं?

तर मंडळी, अपडेट. एक जुनी कादंबरी घरीच वाचून तिचं ऑडिओबुक करतोय, ती अर्ध्याच्या पुढे सरकलीय, कोर्टाचं प्रकरण सोडलं तर पहिला भाग एडिट होऊन तयार पडलाय. आता नुसतं वाचत सुटायचं असं ठरवलं होतं, पण मध्येच एक भानगड निघाली आणि अख्खा आषाढ तिच्यातच गेला.

झालं असं की तयार झालेली प्रकरणं मी ऑफिसमधल्या एका मित्राला ऐकायला दिली. तो डोंबिवलीचा, रोज लोकलने येतो-जातो, साधे वायरवाले इअरफोन, म्हणजे आपला खरा श्रोता. तीन-चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये म्हणाला, ‘तुझा तो वकील लय खोटारडा आहे यार, काकूंना सांगतो तुमच्या दिरांना भेटलो आणि पुढच्या प्रकरणात म्हणतो त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही.’ अरे, वकील बिचारा सज्जन माणूस! त्याचं वाक्य आहे ‘मी अद्याप त्यांना भेटलो नाही’, आणि त्यातलं ‘नाही’ दिवा ते मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी गाडीच्या खडखडाटात गेलं. एका शब्दापायी वकिलाचं चारित्र्य बिघडलं.

घरी येऊन ते वाक्य स्क्रीनवर मोठं करून बघितलं. ‘मी अद्याप’ला वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, छान जाडजूड, मग उतरत उतरत ‘भेटलो’पर्यंत अर्धा, आणि ‘नाही’ म्हणजे सुतळीएवढी रेघ. सुरुवात आणि शेवट यात १५ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) आसपास फरक. मग इतर वाक्यं बघितली तर सगळीकडे तीच गत, होते, होता, आहे, नाही, नव्हती, सगळे उतारावर. आणि यात गंमत अशी की आपण यूट्यूबवर जे ट्युटोरियल बघून शिकतो ते सगळे इंग्रजीवाले, त्यांचा नकार वाक्यात आधीच येऊन गेलेला असतो, शेवट जरा पुटपुटला तरी अर्थ शाबूत. आपल्याकडे क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागे, आणि नेमका तिथेच श्वास संपतो. म्हणजे वाक्याचा सगळा अर्थ ज्या ठिकाणी ठरतो तिथेच आपला आवाज सगळ्यात बारीक. जुन्या कादंबरीत तर अजून वाईट, कारण वाक्यं ही अशी लांबलचक, जो-तो, जेव्हा-तेव्हा, की आणि म्हणून करत करत पाच ओळींनी एकदाचं ‘होते’ येतं, तोवर वाचणारा निळा पडलेला.

आता यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे कॉम्प्रेसर, मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारं साधन. लावून बघितला, ३:१, वर मेकअप गेन देऊन, म्हणजे सगळा आवाज पुन्हा वाढवून. शेवट वर आले खरे, पण त्यांच्यासोबत खोलीही वर आली. बारीक शब्द ४-५ डीबीने उचलला की त्याच्या मागचा हुस्स आवाजही तेवढाच उचलला जातो, मग प्रत्येक वाक्याच्या शेपटाला खोली फुगल्यासारखी ऐकू येते आणि पुढचं वाक्य सुरू झालं की गायब. हे एकदा कानाला कळलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. नॉइज रिडक्शन जास्त लावलं तर ‘नाही’चा ‘ही’ पाण्याखालून आल्यासारखा, तेही नको. थोडक्यात शब्दाचा शेवट वाचवायचा तर आधी खोली शांत पाहिजे, तेव्हा मुक्काम पोस्ट खोली.

नवीन लोकांसाठी आकडे सांगून ठेवतो. ऑडिबलवाल्या एसीएक्सची (ऑडिबलला ऑडिओबुक देण्याची साइट) अट सगळे प्रमाण धरतात: आरएमएस (सरासरी आवाज) उणे २३ ते उणे १८ डीबीच्या मध्ये, पीक (सगळ्यात मोठा क्षण) उणे ३च्या आत, नॉइज फ्लोर (कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) उणे ६०च्या खाली, फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस एमपी३. तुम्ही तिकडे देणार असाल-नसाल, स्वतःला मोजायला ही पट्टी चांगली आहे. ऑडासिटी या रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी एसीएक्स चेक नावाचं प्लगइन फुकट मिळतं, क्लिप सिलेक्ट करा, पास-नापास सांगतं. माझा फ्लोर दिवसा उणे ५२ यायचा, पंखा बंद, फ्रिज बंद करूनसुद्धा. (फ्रिज बंद केला की घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. फिल्मवाल्यांची जुनी ट्रिक आहे, आई आधी हसली, आता तीच आठवण करते.)

घर विक्रोळीत कन्नमवार नगरला. जुनी म्हाडाची बिल्डिंग, समोर रिडेव्हलपमेंटचं काम चालू, एका बाजूला हायवे. दिवसा ड्रिलिंग आणि पोरांचं क्रिकेट, संध्याकाळी पाण्याचा पंप, रात्री ट्रक. पंपाचं दुखणं वेगळंच आहे, तो हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त येतो. ८० हर्ट्झचा हाय पास (त्याच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावला की ५०चा हम, म्हणजे गुणगुण, जातो पण त्याची १०० आणि १५०वाली भावंडं आवाजाच्याच पट्ट्यात बसलेली असतात, ती कापायला गेलात तर सोबत तुमच्या आवाजातला खर्जही कापला जातो. त्यावर इलाज एकच, पंप चालू असताना रेकॉर्ड करायचं नाही. वॉचमनकाकांकडून वेळा लिहून घेतल्यात. बाकी माईकचा स्टँड टेबलावरून काढला, जमिनीवर ठेवून खाली जाड पायपुसणी दुमडून घातली, त्याने ट्रकची घरघर जरा निवळली.

खिडकी ही खरी शत्रू. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, बंद केली तरी दोन काचांच्या मध्ये बोटभर फट. लोक फोमचे पिरॅमिड भिंतीला चिकटवतात आणि म्हणतात बाहेरचा आवाज थांबेना, तो थांबणारच नाही, फोम खोलीतला घुमारा कमी करतो, तोही वरच्या फ्रिक्वेन्सीचा. बाहेरचा आवाज थांबवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी उघडं राहिलं तरी भिंत कितीही जाड असो, अडवणूक २० डीबीच्या आसपासच अडकते. म्हणून आधी रबराच्या पट्ट्या लावून फटी बुजवल्या, दाराखालीसुद्धा. मग खिडकीच्या मापाची एमडीएफची फळी, आतल्या बाजूने रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि वर कापड, रेकॉर्डिंगच्या वेळी खिडकीत दाबून बसवायची आणि झालं की काढायची. सुताराला आधी वाटलं आम्ही खिडकी कायमची बंद करतोय, तो आईला समजावत बसला की ‘मावशी, हवा नको का घराला’. कापड मंगलदास मार्केटमधून, केबल आणि स्टँड लॅमिंग्टन रोडवरून. पट्ट्यांनी जेवढा फरक पडला तेवढा फळीने नाही पडला हे प्रामाणिकपणे सांगतो, पण दोन्ही मिळून रात्री अकरानंतर आता उणे ६३ मिळतात. पाऊस नसेल तर. पाऊस असेल तर वरच्या मजल्याच्या ग्रिलवरचा पत्रा वाजायला लागतो, मग गपचूप एडिटिंग.

आता खोलीतला घुमारा. खोली दहा बाय दहा, आणि चौकोनी खोलीइतकी वाईट खोली नाही, कारण लांबी-रुंदी सारखी म्हणजे दोन्हीकडच्या लाटा एकाच फ्रिक्वेन्सीवर साचतात. दहा फुटांना पहिली साधारण ५६ हर्ट्झला, दुसरी ११२ला. माझा आवाज बोलताना ११०च्या आसपासच फिरतो, म्हणजे खोली नेमकी माझ्याच आवाजाला टपून बसलेली. ही ११२वाली लाट भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध सगळ्यात जोरात असते, आणि भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, जवळजवळ नसतेच. खुर्ची आणि माईक मधोमधून उचलून दोन्ही भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर आणला, एक पैसा खर्च नाही, आणि ‘डब्यातून बोलतोय’ हे जे मला कायम वाटायचं ते बरंचसं गेलं. उरलेलं काम पाठीमागच्या दोरीवर टाकलेल्या आजीच्या गोधड्या करतात. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, गोधडी तिचं काय वाकडं करणार, पण स, श, टाळ्या-टिचक्या हे सगळं ती पिऊन टाकते. लोखंडी कपाट खोलीबाहेर गेलं, ते मोठ्याने बोललं की चक्क गुणगुणायचं.

माईक डायनॅमिकच ठेवलाय, जास्त नाजूक असणारा कंडेन्सर माईक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात झोपलाय, मुंबईच्या दमट हवेत त्याला बाहेर काढायला जीव होत नाही. डायनॅमिक बाहेरचा आवाज कमी ऐकतो असं सगळे म्हणतात, ते मला अर्धसत्य वाटतं. आपण त्याच्या जवळ जातो म्हणून गेन (माईकचा आवाज वाढवणं) कमी लागतो आणि म्हणून खोली कमी येते. अंतर अर्धं केलं की तुमचा आवाज ६ डीबीने वाढतो, खोली आहे तेवढीच राहते. आता तोंड आणि माईक यात चार बोटं, माईक जरा तिरका, म्हणजे भ, फ, ठ, ध यांचा फुत्कार सरळ त्याच्या तोंडावर जात नाही. आपल्या महाप्राणांना पॉप फिल्टर (माईकपुढची जाळी) एकटा पुरत नाही.

हे सगळं झाल्यावर परत मूळ दुखण्याकडे, म्हणजे वाचण्याकडे. कॉलेजच्या एकांकिकेच्या दिवसांत आमचा दिग्दर्शक सतत ओरडायचा, ‘वाक्य पाडू नकोस!’ तेव्हा आम्ही त्याचा अर्थ जोरात बोल असा घ्यायचो. माईकसमोर जोर चालत नाही, जोर दिला की वकील भाषण ठोकायला लागतो. हळूहळू जे जमायला लागलंय ते असं: वाक्य वाचायला घ्यायच्या आधी नजर शेवटच्या क्रियापदावर टाकून यायची, पेन्सिलने तिथे खाली रेघ, आणि त्याच्या आधी कुठे श्वास घ्यायचा ती जागा ठरवून घ्यायची. ‘की’च्या आधी, ‘म्हणून’च्या आधी, ‘परंतु’च्या आधी चोरून श्वास बसतो आणि कोणाला कळत नाही. सूर मात्र तिथे उतरवायचा नाही, उतरवला की ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं आणि पुढचा तुकडा लोंबकळतो. सूर क्रियापदापर्यंत धरून ठेवायचा, तिथे सोडायचा, आणि सोडताना पोटात थोडी हवा शिल्लक पाहिजे. सुरुवात आणि शेवट यातला फरक १५ वरून ७-८ डीबीवर आलाय. बोलण्यात एवढा उतार नैसर्गिकच असतो, तो पूर्ण काढला तर बातम्या वाचल्यासारखं होतं. आता कॉम्प्रेसर २:१वर आहे आणि त्याला फारसं काम उरलेलं नाही.

पंच अँड रोल वापरत नसाल तर आजच सुरू करा. ऑडासिटीत २०१८ पासून आहे, शिफ्ट आणि डी. चुकलात की कर्सर चुकीच्या आधी ठेवायचा, ते मागचे पाच सेकंद ऐकवतं आणि तिथून रेकॉर्डिंग पुढे चालू. यात वेळ वाचतो तो वाचतोच, पण मोठा फायदा असा की आपला मागचा सूर कानात असतो. वेगळ्या दिवशी केलेले पिकअप (चुकलेल्या वाक्यांचं पुन्हा केलेलं रेकॉर्डिंग) जुळवणं हे माझ्या मते एडिटिंगमधलं सगळ्यात चिडचिडं काम आहे, सकाळचा आवाज खर्जात, रात्रीचा पातळ, पावसाळ्यात नाक चोंदलेलं. म्हणून प्रत्येक पात्राची अर्ध्या मिनिटाची क्लिप एका फोल्डरमध्ये ठेवलीय, काकू, वकील, धाकटे दीर, बसण्याआधी ती ऐकायची. काकूंचा आवाज बाईचा काढायला जाऊ नका बरं का, फक्त वेग कमी आणि शब्दांमध्ये जरा जागा, तेवढ्याने काकू उभ्या राहतात. दुधाचा चहा रेकॉर्डिंगआधी बंद, तोंड चिकट होतं आणि टिचक्या वाजतात, हिरव्या सफरचंदाची फोड चावली की बऱ्याच जातात. आणि रिकाम्या पोटी बसू नका, चार बोटांवरच्या माईकला पोटाची गुरगुर स्वच्छ ऐकू येते.

शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात गाठलं, ‘काय रे, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कोणाशी बोलत असतोस?’ म्हटलं पुस्तक वाचतो काकू, मोठ्याने. ‘मग ती रडणारी कोण?’ म्हणजे खिडकी झाली, दार झालं, भिंतीचं अजून बाकी आहे. अर्थात रडणं पोचलं हे जरा बरंही वाटलं.

हक्कांबद्दल थोडक्यात: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, मी वाचतोय ते लेखक त्याच्या कितीतरी आधी गेलेले, त्यामुळे परवानगीची कटकट नाही. लिब्रिवॉक्सवर (हक्कमुक्त पुस्तकांची ऑडिओबुकं फुकट देणारी साइट) द्यायचं असेल तर मात्र पुस्तक अमेरिकेच्या कायद्यानेही मुक्त असावं लागतं, ते वेगळं तपासा. ज्याचा कॉपीराइट अजून चालू आहे अशा लेखकाचं वाचायचं असेल तर लेखी परवानगी, प्रकाशकाला विचारूनच.

पुढचं असं की कोर्टाचं प्रकरण गणपतीच्या आधी रेकॉर्ड करून टाकायचंय, कारण एकदा ढोल-ताशाची प्रॅक्टिस जोरात आली की उणे ६० विसरा, ते दिवस एडिटिंगचे. त्या प्रकरणात चार माणसं एकाच पानावर बोलतात आणि निम्म्या उत्तरांच्या शेवटी ‘नाही’ आहे. झालं की डोंबिवलीकराला परत देणार, वकील सुटतो का बघू. आणि एक विचारायचं होतं, चमचा-चटणीतला दातांवरचा च आणि जहाजातला ज यांच्यासाठी कोणी डी-एसर (स-शची शीळ कमी करणारं साधन) कितीवर लावतं? ६ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवला तर स ताळ्यावर येतो पण च बोथट होतो, आणि वर नेला तर च वाचतो पण स टोचतो. सध्या मी एकेक च हाताने २-३ डीबी खाली करतोय, आणि मराठीत च किती असतात ते तुम्हाला सांगायला नको.