दमानं

गेल्या हिवाळ्यात मी दहा किलोमीटर धावलो ते १ तास १ मिनिट ४० सेकंदांत. तासाच्या वरचे ते शंभर सेकंद बुटात गेलेल्या खड्यासारखे वर्षभर टोचत होते. दहा किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरमागे फक्त दहा सेकंद. ६:१० ऐवजी ६:०० ने धावायचं, बस्स. दहा सेकंद म्हणजे काय हो? शेवभाजीवरची तर्री चमच्यानं बाजूला सारायलासुद्धा आम्हा जळगावकरांना त्याहून जास्त वेळ लागतो.

वय सत्तेचाळीस, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर खुर्चीत. हे दहा सेकंद कमवायला मला दहा महिने लागले, आणि त्यातला बराचसा काळ मी हळू धावण्यात घालवला. हे घरच्यांना समजावताना माझी पळण्यापेक्षा जास्त दमछाक झाली.

वेग वाढवायचा तर आठवड्यातलं बरंचसं धावणं इतकं सावकाश हवं, की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’, ‘हं’ एवढंच निघू लागलं की वेग जास्त झाला असं समजायचं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं ते याच सावकाश मैलांनी, आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. कळतं सगळं, वळत नाही. मेहरूण तलावाच्या काठानं पहाटे मी रमतगमत पळत असताना साठीच्या एक आजी काठापदराच्या साडीवर स्पोर्ट्स शूज घालून भरभर चालत मला मागे टाकून गेल्या. वर वळून म्हणाल्या, ‘दमानं बरं का भाऊ!’ मी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, ‘हो मावशी, आज दमानंच घ्यायचंय.’ घड्याळापुढे तेवढीच इभ्रत राखली.

तेव्हापासून हा ‘दम’ डोक्यात बसलाय. दम लागतो, दम खातो, दम धरतो. साहेब दम देतो. एखाद्याच्या बोलण्यात दम असतो, एखाद्याला दम निघत नाही, आणि एका दमात पाणी पिऊ नये असं आई सांगते. श्वास, धीर, ताकद, धमकी, सगळं दोन अक्षरांत. दहा किलोमीटरला नेमकं हेच सगळं लागतं, धमकीसुद्धा. सातव्या किलोमीटरला स्वतःला दम दिल्याशिवाय पाय उचलत नाहीत. शंभर मीटरच्या शर्यतीत दम धरायची सवड नसते आणि मॅरेथॉनमध्ये सुरुवातीला धीराशिवाय काही सुचत नाही. दहा किलोमीटर हे मधलं अडनिडं अंतर. वेगानं धावायला जास्त लांब, निवांत धावायला फार आखूड.

मार्चपासून खरी परीक्षा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या आसपास असतो, हे सांगताना आम्हाला थोडा अभिमानही वाटतो, उगाच कशाला लपवा. पहाटे पाचलाही भिंती गरम असतात. त्याच वेगाला घड्याळ हृदयाचे ठोके पंधरा-वीसनं जास्त दाखवायचं. कारण सरळ आहे. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, मग पायांच्या वाटणीला कमी येतं आणि हृदयाला दोन्हीकडची उसाभर करावी लागते. पण दहा-पंधरा दिवस नेटानं, काळजी घेत, उकाड्यात पळत राहिलं की शरीर शिकतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणजे खान्देशातला उन्हाळा हा धावणाऱ्याला फुकटात मिळालेला मास्तर. फी घेत नाही, छडी मात्र मारतो.

रविवारी मी यावलकडच्या गावी जायचो, चौदा किलोमीटरच्या लांब पल्ल्यासाठी. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. आमच्या बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. केळी म्हणजे केयी, पळणं म्हणजे पयणं. पयताना धापसुद्धा जरा कमी लागते असा माझा समज आहे. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे काका पहाटे बागेतच असायचे. बॅटरीचा झोत माझ्यावर मारून त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं, ‘कोन लागलं रे भो तुह्या मांगं?’

मी म्हटलं, ‘शंभर सेकंद.’

काकांनी बॅटरी बंद केली. त्यांना पोराचं डोकं फिरलं असं वाटलं असावं. पण पुढे तेच मला ठिबकच्या नळीजवळ बसवून म्हणाले की पूर्वी पाटानं पाणी द्यायचे, बाग भिजायची पण निम्मं पाणी वाया जायचं. आता थेंब थेंब, रोज. मी मनातल्या मनात माझं हळू पळणं ठिबकमध्ये टाकलं आणि मंगळवारचं वेगाचं पाटाच्या पाण्यात.

मंगळवारी आठशे मीटरचे सहा तुकडे जोरात, मध्ये दोन मिनिटं हळू. चेकोस्लोव्हाकियाचा जुना धावपटू एमिल झाटोपेक चारशे मीटरचे तुकडे चाळीस-चाळीस वेळा पळायचा, हे आठवून मी सहाव्या तुकड्याला स्वतःची लाज काढायचो. झाटोपेकचा एक आकडा तर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. १९५४ साली ब्रुसेल्समध्ये त्यानं दहा हजार मीटर २८ मिनिटं ५४.२ सेकंदांत संपवले. २९ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस. त्यानंतर २०२४ च्या मे महिन्यात केनियाची बिआट्रिस चेबेट अमेरिकेतल्या युजीनला २८:५४.१४ मध्ये आली, २९ च्या आत येणारी पहिली बाई. सत्तर वर्षांनी, जवळजवळ त्याच सेकंदावर! या योगायोगाचा काही अर्थ लावू नये हे कळतं. पण पाय जड झाले की मी तो आकडा उगाच पुटपुटतो, कुणी हरिपाठ म्हणावा तसा.

खरा अडथळा मात्र भरताचा. स्पर्धा डिसेंबरात, आणि आमच्याकडे भरीतही डिसेंबरातच. हिरवी मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. स्पर्धेच्या आदल्या रात्री तेल-तिखट टाळावं, हा नियम करणाऱ्याला डिसेंबरात शेतातलं आमंत्रण कधी आलेलं नसणार. मी गेलो. चवीपुरतं खाल्लं. चवीपुरतं म्हणजे तीन भाकरी.

स्पर्धा गारठ्यात सुटली. आमच्याकडे पहाटे बारा-तेरा अंश म्हणजे माणसं कानटोप्या घालून शेकोटीला बसतात, पण पळायला याहून चांगली हवा नाही. पहिले दोन किलोमीटर सगळे उधळले, मी दम धरला. पाचव्याला वेळ अगदी ठरल्याप्रमाणे, तीस मिनिटं. सातव्याला भरीत आठवलं. आठव्याला कुणी तरी ओळखीचं ‘ओ भाऊ!’ म्हणून ओरडलं आणि मी, खान्देशी संस्कार, हात करून ‘बरं आहे ना?’ विचारलं. नवव्यापासून दोन ठिपके दिसत होते फक्त, एक शर्यत संपते तिथल्या कमानीचा आणि एक माझ्या घड्याळाचा. घड्याळात दहा किलोमीटर पूर्ण झाले तेव्हा वेळ होती ५९:४१. मी हात वर केले. कमान अजून शंभरेक मीटर पुढे होती.

कमानीखालून गेलो तेव्हा ६०:१७.

नंतर कळलं की रस्ता मोजतात तो सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणाच्या आतल्या कडेला चिकटून. आपण वळणं बाहेरून घेतो, लोकांना चुकवतो, तिरपे जातो, आणि घड्याळ ते सगळं इमानदारीनं बेरीज करत राहतं. शिवाय नीट मोजणारे अंतर कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचाही धरतात. म्हणजे घड्याळाचा दहा वेगळा, रस्त्याचा दहा वेगळा. शंभरातले त्र्याऐंशी सेकंद मी कमावले, सतरा बाहेरच्या वळणांवर सांडले.

संध्याकाळी काकांना फोनवर सगळं सविस्तर सांगितलं, वळणांच्या रेषेसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागे मोटारीचा आवाज येत होता.

‘व्यापारी क्विंटलमांगं वजनात कटती धरतोच ना भो,’ ते म्हणाले. ‘सतरा सेकंद कटतीत गेले म्हन. बागेचा पुढचा माल मार्चात निघंल. तव्हाची शर्यत पाहून ठेव.’